नाताळच्या रात्रीचे घरगुती जेवण : सोपे, तरीही सणाचे वाटेल असे काय करावे?

शेवंती (६ डिसेंबर)

नमस्कार. माझे सासर वसईचे आणि माहेर नाशिकचे. नाताळच्या रात्रीचे जेवण आजवर वसईच्या घरी सासूबाईंच्या देखरेखीखाली होत आले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे त्यांना आता ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून या वर्षी ते आमच्या ठाण्याच्या घरी करायचे ठरले आहे. जेवायला बारा माणसे असतील. माझे आईवडील पूर्ण शाकाहारी आहेत आणि अंडेही खात नाहीत. चुलतसासऱ्यांना डॉक्टरांनी डुकराचे मांस वर्ज्य सांगितले आहे. शिवाय दोन लहान मुले आहेत, त्यांना तिखट सोसत नाही. घरात तीन शेगड्यांचा गॅस, २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आणि मध्यम आकाराचा फ्रीज आहे. मला कार्यालयातून २४ तारखेच्या दुपारीच मोकळे होता येईल.

२५ तारखेच्या संध्याकाळी मला स्वयंपाकघरात अडकून न पडता सगळ्यांबरोबर बसता यावे, एवढीच अपेक्षा आहे. परंतु त्यापायी जेवण एखाद्या रविवारच्या जेवणासारखे होऊ नये. आधी काय करून ठेवता येईल, आईवडिलांसाठी काय करावे आणि नेहमीच्या पदार्थांपैकी काय निःसंकोचपणे वगळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अनंतमूळ (६ डिसेंबर)

अख्खी कोंबडी भाजा. दीड किलोची, कातडीसकट. खाटिकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण आपल्याकडे न विचारता कातडी काढून देण्याची पद्धत आहे. रात्रभर मीठ लावून फ्रीजमध्ये उघडी ठेवावी म्हणजे कातडी कोरडी होते, आणि मग २०० अंशांवर साधारण सव्वा तास भाजावी. मांडीच्या सांध्यात सुरी खुपसल्यावर पाणी स्वच्छ निघाले की झाली. तापमापक असेल तर आत ७४ अंश दिसले पाहिजेत. भाजल्यावर पंधरा मिनिटे तशीच राहू द्यावी आणि मगच कापावी. सोबत भाजलेले बटाटे आणि गाजरे. याहून सोपे आणि देखणे जेवण मला ठाऊक नाही.

सुकेळी (६ डिसेंबर)

अनंतमूळ यांची कृती चांगली आहे, परंतु एक कोंबडी दहा जणांना पुरत नाही आणि २८ लिटरच्या ओटीजीत दोन मावत नाहीत. त्याऐवजी तंगड्या घ्याव्यात. बाटली मसाला (वसईकडचा वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवायचा लाल मसाला), आले-लसूण, थोडे व्हिनेगर, मीठ आणि तेल लावून २४ च्या रात्री डब्यात भरून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी फक्त ताटलीत मांडायच्या. २०० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागतात. एका ट्रेमध्ये सात-आठ तंगड्या बसतात, म्हणून पहिली खेप पाहुणे यायच्या आधी आणि दुसरी सगळे गप्पांत असताना लावता येते. मुलांच्या तंगड्यांना मसाल्याऐवजी लोणी, मिरपूड आणि लिंबू लावावे.

मी स्वतः वसईची आहे, त्यामुळे शेवंतीताईंना एक आग्रहाने सांगते : सोरपोतेल, म्हणजे डुकराचे मांस आणि कलेजी यांचा व्हिनेगर घातलेला रस्सा, वगळू नका. लोक त्याला अवघड समजतात, पण आधी करून ठेवण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा पदार्थ नाही. २२ ला करा आणि २५ ला वाढा. तिसऱ्या दिवशी व्हिनेगर आणि मसाला मांसात पुरता मुरलेला असतो. पूर्वी फ्रीज नव्हते तेव्हा रोज एकदा उकळी आणून ते टिकवत असत. आता फ्रीजमध्ये ठेवून लागेल तेवढेच खळखळून गरम केले म्हणजे झाले.

शेवंती (७ डिसेंबर)

सुकेळीताई, तंगड्यांची कल्पना एकदम पटली. बाटली मसाला सासूबाईंचा मे महिन्यात केलेला घरात आहेच. सोरपोतेलाची मात्र मला धास्ती वाटते, कारण मी ते आजवर फक्त खाल्लेले आहे. सगळे बारीक तुकडे हाताने करावे लागतात, असे सासूबाई सांगतात, आणि सगळा वेळ तिथेच जातो.

सुकेळी (७ डिसेंबर)

वेळ तिथेच जातो हे खरे, पण ते काम बसून करण्यासारखे आहे. दीड किलो चरबीसकट मांस आणि पाव किलो कलेजी घ्या. हृदय मिळाले तर तेही घ्यावे. मीठ-हळद घालून मोठ्या तुकड्यांतच शिजवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना कापायला गेलात तर चरबी सुरीला चिकटते आणि तुकड्यांचा भुगा होतो. रात्री शिजवून फ्रीजमध्ये ठेवलेले मांस सकाळी खडूसारखे सरळ कापले जाते. तुकडा हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा मोठा असावा. ते त्यांच्याच चरबीत परतून घ्यायचे. कलेजी शेवटी परतावी, कारण ती लवकर कोरडी पडते. मग त्याच पातेल्यात कांदा, आणि व्हिनेगरमध्ये वाटलेला मसाला : काश्मिरी मिरची, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, आले आणि भरपूर लसूण. मांसाचे पाणी टाकून देऊ नका, रस्सा त्याचाच होतो.

सासूबाईंना उभे राहवत नाही, पण बसून त्या कापू शकतील. त्यांना २१ तारखेलाच ठाण्याला बोलवा. मांस पाटावर त्या कापतील आणि मसाला कुठवर परतायचा हे तुम्हाला शेजारी बसून सांगतील. घरच्या मोठ्या माणसाला सणात पाहुणी करून बसवले तर बरे वाटत नाही. हाताला काम दिले तर वाटते.

आबोली (७ डिसेंबर)

वरच्या शेवटच्या दोन वाक्यांशी शंभर टक्के सहमत.

मी म्हापशाची. आमच्याकडे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिसेनंतर (प्रार्थनाविधीनंतर) घरी येऊन केक आणि थोडीशी वाइन घेतात आणि मोठे जेवण २५ च्या दुपारी होते. कुस्वार म्हणजे दोदोल, न्यूरी, कलकल, बाथ वगैरे गोड पदार्थ आधीच करून शेजारीपाजारी वाटलेले असतात, त्यामुळे जेवणानंतरच्या गोडाची चिंता उरत नाही.

चुलतसासऱ्यांसाठी तंगड्या आहेतच, तरी एक पर्याय सुचवते. काफ्रियाल हा कोंबडीचा पदार्थ अतिशय सुटसुटीत आहे. कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी आणि व्हिनेगर यांचे हिरवे वाटण लावून रात्रभर मुरवायचे आणि तव्यावर तेलात भाजायचे. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधून तो गोव्यात आला असे मानतात. ओटीजी बिघडला किंवा वीज गेली तरी हा पदार्थ अडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

सीनाकाठ (७ डिसेंबर)

माझे घराणे अहिल्यानगरचे, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचे, प्रोटेस्टंट मराठी ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनचे काम आमच्या शहरात १८३१ मध्ये सुरू झाले आणि आमच्या पणजोबांच्या पिढीपासून आम्ही त्या मंडळींत आहोत. हे सांगण्याचे कारण असे की, नाताळ म्हटले की डुकराचे मांस, वाइन आणि व्हिनेगर एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे यांतले काहीही नसते. नाताळच्या आधी करंज्या, शंकरपाळी, चकल्या आणि रव्याचे लाडू होतात; गीते गात घरोघरी फिरणाऱ्या मंडळींना चहा आणि हा फराळ देतात; आणि २५ ला मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, भात आणि कांदा. आजीच्या हातचा काळ्या मसाल्याचा रस्सा हेच आमचे नाताळचे जेवण आहे आणि त्यात आम्हाला कधी काही उणे वाटले नाही.

म्हणून शेवंतीताई, नाशिकच्या आईवडिलांसाठी वेगळे 'नाताळचे शाकाहारी' काहीतरी शोधण्याआधी त्यांच्या घरच्या सणाच्या पानावर काय असते ते पाहा. त्यांतलाच एखादा पदार्थ मेजावर मानाने मांडला तर तोही नाताळचाच होईल.

रानजाई (८ डिसेंबर)

सीनाकाठ यांचा प्रतिसाद मनापासून आवडला. एका बाबतीत मात्र मतभेद नोंदवते. आईवडिलांसाठी त्यांच्या घरचाच पदार्थ केला, तर ते बाराजणांच्या मेजावर वेगळे जेवत आहेत असे दिसेल. माझ्या सासरी मी एकटी शाकाहारी आहे आणि 'तुझ्यासाठी पनीर केले आहे' हे वाक्य मी इतकी वर्षे ऐकत आले आहे की, सर्वांच्या वाडग्यातून मला वाढता येईल असा एखादा पदार्थ असला की मला अगदी भरून येते. माझी सूचना अशी की, मेजावरचे निम्मे पदार्थ मुळातच शाकाहारी आणि बिनअंड्याचे असावेत, आणि ते सगळ्यांनी खावेत.

पाटावरवंटा (८ डिसेंबर)

रानजाई, अगदी बरोबर. मश्रुमची शाकुती करावी. खोबरे, खसखस, धणे, मिरी, बडीशेप, चक्रीफूल आणि थोडे जायफळ भाजून वाटलेला मसाला इतका भरीव असतो की मांस खाणारेसुद्धा ती मागून घेतात. वाटण २३ ला करून ठेवावे. मश्रुम मात्र आयत्या वेळी टाकावेत, नाहीतर त्यांना पाणी सुटते आणि रस्सा पातळ होतो.

शेवंती (८ डिसेंबर)

सर्वांचे मनापासून आभार. निम्मे मेज सर्वांचे असावे, हे रानजाईंचे म्हणणे मी आता पक्के धरले आहे. पण त्यातून नवीन अडचण उभी राहिली. आमच्याकडे सोरपोतेलाबरोबर फुगे, म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, लागतातच, आणि फुग्यांत अंडे असते. शिवाय ते तळायला कोणीतरी कढईपाशी उभे राहावे लागते आणि ते कोणीतरी मीच असणार.

सुकेळी (८ डिसेंबर)

फुगे तळणे हे हाताच्या सवयीचे काम आहे, हे खरे. मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि यीस्ट यांचे पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि कणकेपेक्षा बरेच सैल असते. ओल्या डाव्या हाताच्या मुठीत ते घ्यायचे, मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनी यांमधून गोळा वर येतो, तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून अलगद तेलात सोडायचा. पीठ नीट आंबलेले असेल तर फुगा एका बाजूने झाला की आपण होऊन उलटतो. झाऱ्या लावावा लागत नाही. ज्यांनी लहानपणापासून केले आहेत त्यांचे हात बोलता बोलता चालतात. ज्यांनी केलेले नाहीत त्यांनी बारा माणसांच्या जेवणाच्या दिवशी शिकायला बसू नये.

वसईत घरगुती फुगे करून देणाऱ्या बायका आहेत. नाताळात त्यांच्याकडे फार गर्दी असते, म्हणून मागणी आत्ताच नोंदवावी. फुगे गरमच हवेत असे नाही. सकाळचे फुगे स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवले की रात्रीही मऊ असतात, आणि हवे तर चाळणीत ठेवून पाच मिनिटे वाफ द्यावी.

आबोली (८ डिसेंबर)

आणि आईवडिलांसाठी, खरे तर सर्वांसाठीच, सान्नां, म्हणजे इडलीसारखी वाफवलेली तांदळाची वडी, करावीत. उकडा तांदूळ, नारळ, साखर, मीठ आणि माडी किंवा यीस्ट, एवढेच. अंडे नाही, तळणे नाही. २५ च्या सकाळी वाफवून ठेवता येतात आणि रात्री पुन्हा वाफ दिली की ताज्यासारखी होतात. सोरपोतेलाबरोबर सान्नां हीच आमची जोडी आहे आणि शाकुतीबरोबरही ती उत्तम लागतात.

वडाचा_पार (९ डिसेंबर)

सगळ्यांचे वाचले आणि थोडे वेगळे बोलावेसे वाटते. मीही वसईच्याच बाजूचा. आमच्या लहानपणी नाताळच्या मेजावर इंद्याल, सोरपोतेल, बदकाची मोइली, कोळंबी, पिवळा भात, फुगे, पोळे असे सगळे असे आणि कोणी ते 'सोपे' करू पाहत नसे. वर्षातून एक दिवस माणसे राबतात म्हणून तो दिवस सणाचा होतो. आज फुगे विकत, उद्या केक विकत, परवा सगळेच विकत, असे झाले तर घरात उरते काय? आमच्या मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये आपली संस्था काढली, आपली ओळख जपली. पण ओळख संस्थेत जपली जाते त्याहून अधिक स्वयंपाकघरात जपली जाते, असे मी मानतो.

सुकेळी (९ डिसेंबर)

वडाचा पार, तुमची कळकळ समजते आणि तुम्ही सांगितलेले मेज मीही पाहिलेले आहे. परंतु त्या मेजामागे कोण होते हेही आठवावे. माझ्या आईच्या घरी नाताळच्या आधी दोन दिवस आत्या, काकू, मामी अशा बायका अंगणात चूल मांडून बसत. एक मांस कापी, एक नारळ खरवडी, एक तळी, आणि पुरुष मोठी पातेली उचलत. ते जेवण सोपे नव्हते, पण ते वाटून घेतलेले होते. शेवंतीताईंच्या स्वयंपाकघरात आदल्या दुपारी कार्यालयातून येणारी एकच बाई आहे. दहा हातांचे काम दोन हातांवर टाकून परंपरा जपली जात नाही. दोन हातांच्या बायका कंटाळतात आणि पुढच्या पिढीत ते जेवणच बंद होते. मी हे होताना पाहिले आहे. सोरपोतेल घरी करावे, फुगे गावातल्या बाईकडून घ्यावेत. तिचेही घर त्यावर चालते आणि फुगेही वसईचेच राहतात.

वडाचा_पार (९ डिसेंबर)

हे मान्य. वाटून घेण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग पुरुषांनाही कामे नेमून द्यावीत, एवढी भर घालतो. नारळ खरवडणे आणि दूध काढणे हे आमच्या घरी आजही मीच करतो.

थंडीची_चाहूल (९ डिसेंबर)

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. इथे नाताळच्या दिवशी मोठी दुकाने उघडण्यास कायद्यानेच बंदी आहे. २००४ च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना २५ डिसेंबरला विक्री करता येत नाही. रेल्वेगाड्याही जवळपास सगळ्या बंद असतात. त्यामुळे आयत्या वेळी काही आणण्याची सोयच नसते आणि सगळ्यांना कागदावर वेळापत्रक करण्याची सवय लागते. ती सवय मला फार उपयोगाची वाटली. जेवायला बसण्याची वेळ सर्वांत खाली लिहायची आणि तिथून उलटे वर मोजत जायचे : किती वाजता ओव्हन तापवायचा, किती वाजता काय आत जाईल, काय बाहेर येईल. ओव्हन एकच असतो, म्हणून खरी स्पर्धा त्याच्यासाठी असते. शेवंतीताई, तुमच्या ओटीजीत तंगड्यांशिवाय दुसरे काहीही ठेवू नका. भाजलेल्या बटाट्यांचा मोहही टाळा.

शिवाय इथले मोठे जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमारास होते आणि संध्याकाळी उरलेले थंड खातात. तुम्हाला तसे करता येईल का?

शेवंती (९ डिसेंबर)

दुपारचे जमणार नाही. सकाळी मिस्सा असते आणि त्यानंतर दुपारभर नातेवाईक ताटे घेऊन येत-जात असतात. रात्रीची वेळच सर्वांना सोयीची आहे. वेळापत्रक मात्र आजच करायला घेते.

ऱ्हाइनकर (१० डिसेंबर)

जर्मनीतला अनुभव सांगतो, कारण तो या धाग्याच्या मूळ प्रश्नाला थेट लागू आहे. इथे २४ तारखेची संध्याकाळ सर्वांत महत्त्वाची मानतात, आणि त्या संध्याकाळी असंख्य घरांत काय जेवतात, तर बटाट्याचे सॅलड आणि उकडलेले सॉसेज. पहिल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरी हे पाहून मी चकित झालो होतो. २४ ला दुकाने दुपारपर्यंतच उघडी असतात, लोक संध्याकाळी चर्चला जातात, मुलांना भेटी उघडण्याची घाई असते; अशा दिवशी चुलीपाशी कोणी अडकू नये, हे त्यामागचे शहाणपण. हंस किंवा बदक भाजणे, लाल कोबी, बटाट्याचे गोळे हे सगळे २५ ला. म्हणजे खाण्याच्या बाबतीत भारी मानल्या जाणाऱ्या या देशातही मुख्य संध्याकाळ साध्या थंड पदार्थावर काढतात आणि त्यात कोणाला सणाचा अवमान वाटत नाही.

हे सॅलड उत्तरेकडे मेयोनेज घालून आणि दक्षिणेकडे व्हिनेगर घालून करतात. दक्षिणेकडचे तुमच्या कामाचे आहे, कारण त्यात अंडे नसते. घट्ट जातीचे बटाटे सालासकट उकडून गरम असतानाच सोलून चकत्या कराव्यात, त्यांवर गरम भाज्यांचे पाणी, व्हिनेगर, मोहरीची चटणी, बारीक कांदा, मीठ, मिरी आणि शेवटी तेल घालून तासभर मुरू द्यावे. बटाटे गरम असताना आंबट पाणी पितात, थंड झाल्यावर पीत नाहीत. सगळी गंमत त्यातच आहे. सकाळी करून ठेवले की रात्री काहीही करावे लागत नाही, आणि बाराही जणांना खाता येते.

रानजाई (१० डिसेंबर)

हे मी नक्की करणार, नाताळ असो वा नसो.

अनंतमूळ (१० डिसेंबर)

माझी अख्खी कोंबडी या धाग्यावर हरली, हे मी आनंदाने मान्य करतो, कारण तंगड्यांचा हिशेब बिनतोड आहे. आता गोडाचे बोलू. केक विकत घ्यावा, की घरी करावा? घरी करायचा असेल तर सुकामेवा आत्ताच भिजत घालावा लागेल. ज्यांना रम चालत नाही त्यांनी मनुका, बेदाणे, चेरी, संत्र्याच्या साली संत्र्याच्या रसात दहा मिनिटे मंद आचेवर शिजवून थंड कराव्यात. एका रात्रीतही त्या चांगल्या फुगतात.

आबोली (१० डिसेंबर)

केकबरोबर सेरादुरा करावा. पोर्तुगीज वळणाचे गोड आहे आणि गोव्यात घरोघरी होते. घट्ट क्रीम फेसून त्यात कंडेन्स्ड मिल्क मिसळायचे, मारी बिस्किटांचा बारीक चुरा करायचा, आणि पेल्यांत एक थर क्रीम, एक थर चुरा असे भरून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचे. ४०० मिली क्रीमला अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क पुरते. क्रीम फेसण्याजोगे, म्हणजे ३० टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाचे घ्यावे. त्याहून पातळ क्रीम कितीही घुसळले तरी उभे राहत नाही. अंडे नाही, भाजणे नाही. बिस्किटांच्या पुड्यावर हिरवी खूण पाहून घ्यावी. चुरा करण्याचे आणि थर भरण्याचे काम मुलांना द्यावे, ती अगदी तन्मय होऊन करतात.

सीनाकाठ (११ डिसेंबर)

आणि फराळाचे एक ताट मेजावर असू द्यावे, ही माझी विनंती. करंजी वसईत, गोव्यात आणि आमच्याकडेही नाताळात होते, आणि नाशिकच्या आईंच्याही हातची ती असणारच. त्यांना येताना करंज्या आणायला सांगा.

शेवंती (१२ डिसेंबर)

आईला आजच फोन केला. ती म्हणाली, "करंज्या तर आणतेच, पण मला रिकामी बसवू नकोस." त्यामुळे शाकुतीचा मसाला भाजण्याचे काम तिच्याकडे दिले आहे. ती २३ लाच येणार आहे.

आता ठरलेले सांगते, म्हणजे कोणाला काही खटकले तर वेळेत सांगता येईल. सासूबाई २१ ला येतील. त्या रात्री मांस शिजवून ठेवायचे, २२ च्या सकाळी त्या कापतील आणि संध्याकाळी मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोरपोतेल करेन. २४ च्या दुपारी घरी आल्यावर तंगड्यांना मसाला लावणे आणि मुलांकडून सेरादुरा भरून घेणे. २५ च्या पहाटे सान्नांचे पीठ वाटणे, मिस्सेहून आल्यावर ती वाफवणे आणि बटाट्याचे सॅलड. नारळाचे सगळे काम यजमानांकडे. फुग्यांची मागणी वसईत नोंदवली आहे, दीर सकाळी घेऊन येतील. संध्याकाळी सहाला तंगड्यांची पहिली खेप, सातला दुसरी, तेवढ्यात एका शेगडीवर शाकुती आणि दुसरीवर नारळाच्या दुधातला मटार घातलेला पिवळा भात. आठला जेवायला बसायचे. केक विकतचा, बिनअंड्याचा.

इंद्याल, मोइली आणि कोळंबी या वर्षी नाही. सासूबाईंना विचारले, तर त्यांनी मोइलीबद्दल थोडी हळहळ व्यक्त केली आणि मग स्वतःच म्हणाल्या की ईस्टरला करू.

थंडीची_चाहूल (१२ डिसेंबर)

उत्तम बेत आहे. फक्त दोन गोष्टी. पहिली खेप सहाला लावली तर पावणेसातला बाहेर निघेल आणि जेवण आठला आहे. ती उघडी ठेवू नका, झाकून ठेवा आणि वाढण्याआधी दहा मिनिटे पुन्हा ओटीजीत गरम करा. दुसरी गोष्ट, आईवडिलांच्या वाडग्यांचे डाव वेगळे आणि ओळखू येतील असे ठेवा. गर्दीत कोणीतरी सोरपोतेलाचा डाव भातात घालतेच.

पाटावरवंटा (१२ डिसेंबर)

उरलेले सोरपोतेल २६ ला पावात घालून खावे, त्यासाठी मुद्दाम वाटीभर बाजूला काढून ठेवावे. आमच्या घरी २६ तारखेची न्याहारी हाच मोठा सण असतो!

संत्र्याची_बाग (१३ डिसेंबर)

धागा वाचून नागपुरात आम्हीही हा बेत करायचे ठरवले आहे. इथे माडी मिळणार नाही आणि डिसेंबरात थंडीही कडक असते. सान्नां यीस्टवर करायची तर प्रमाण काय घ्यावे आणि पीठ आंबेल का?

आबोली (१३ डिसेंबर)

नक्की आंबेल. दोन वाट्या उकडा तांदूळ रात्रभर भिजवून एक वाटी ओल्या नारळाबरोबर अगदी बारीक वाटावा. रवाळ राहिला तर सान्नां जड होतात. एक चहाचा चमचा कोरडे यीस्ट कोमट पाण्यात थोड्या साखरेबरोबर फेसाळू द्यावे आणि मग पिठात घालावे, सोबत दोन मोठे चमचे साखर आणि चवीपुरते मीठ. पीठ इडलीच्या पिठाइतके असावे. गोव्यात तास-दीड तासात ते वर येते. नागपूरच्या थंडीत पातेले गरम पाण्याच्या परातीत ठेवून वर जाड फडके टाकावे आणि दुपटीच्या आसपास फुगेपर्यंत थांबावे, घड्याळाकडे पाहू नये. आंबल्यावर ढवळायचे नाही. वाट्या अर्ध्याच भराव्यात, कारण ती वाफेवर आणखी फुगतात. बारा ते पंधरा मिनिटे पुरतात.

संत्र्याची_बाग (१३ डिसेंबर)

मनापासून आभार. उकडा तांदूळ इथे मिळतो, उद्याच आणून एकदा करून पाहते आणि कशी झाली ते इथे लिहिते.